नाकापासून वायुकोशापर्यंत : फुप्फुसे धूळ कशी बाहेर काढतात?



उत्तरायण जवळ आले की आपल्या सुरतेत डबगरवाडाकडे पाय आपोआप वळतात. रस्त्याच्या कडेला दोन खांब रोवलेले असतात, त्यांच्यात पांढरा दोरा ताणलेला असतो आणि रंग, चिकट लगदा व काचेची बारीक पूड हातात घेऊन कारागीर त्या दोऱ्यावरून पुढे-मागे फेऱ्या घालत असतो. संध्याकाळपर्यंत त्याचे हात गुलाबी आणि भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. गेल्या वर्षी आठवीच्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, "सर, भुवयांवर एवढी पूड बसते, मग नाकातून आत किती जात असेल? आणि रोज जाते, तर फुप्फुसे भरून कशी जात नाहीत?"

प्रश्न फार चांगला आहे. तासाला त्याचे उत्तर अर्धेच देता आले होते. उरलेले उत्तर आज येथे देत आहे, आणि ते विद्यार्थ्यांइतकेच पालकांनीही वाचावे असे आहे.

प्रथम थोडे गणित करू. स्वस्थ बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाचे होतात २१,६०० श्वास आणि १०,८०० लिटर हवा. गच्चीवरची १००० लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. तशा जवळजवळ अकरा टाक्या हवा आपण रोज आत घेतो. ही हवा श्वासनलिकेतून, तिच्या दोन फांद्यांतून, मग पुन्हा पुन्हा दुभंगत जाणाऱ्या सुमारे २३ टप्प्यांतून शेवटी वायुकोशांपर्यंत पोचते. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून सपाट पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. बॅडमिंटनचे कोर्ट याहून थोडेसेच मोठे असते. एवढी मोठी, ओली आणि नाजूक जागा दिवसभर रस्त्याच्या हवेला उघडी असते. तरीही ती स्वच्छ राहते, कारण तिच्या वाटेवर एकामागून एक पहारे बसवलेले आहेत.

धुळीचा कण कोठपर्यंत जाईल हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरते. येथे मोजमाप मायक्रॉनमध्ये करतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकातच अडकतात. नाकाच्या तोंडाशी केस आहेत हे सर्वांना माहीत असते. पण खरे काम करतात ती आतली वळणे. नाकात दोन्ही बाजूंना शिंपल्यासारख्या वळलेल्या हाडांच्या घड्या असतात व त्यांच्यावर ओलसर, चिकट आवरण असते. हवा त्या घड्यांतून वळत जाते, पण जड कणाला तेवढ्या चपळाईने वळता येत नाही. भरधाव रिक्षा चौकात एकदम वळली की आपण कसे बाजूला फेकले जातो, तसा तो कण भिंतीवर आदळतो आणि चिकटतो. दिवसभर रिंग रोडवर फिरून आल्यावर रुमालाला नाक पुसले की जो काळा डाग उमटतो, तो या पहिल्या पहाऱ्याचा हिशेब असतो. म्हणून शिंक आली तर ती दाबू नये.

हा पहारा तोंडाने श्वास घेताना मात्र पूर्ण चुकवला जातो. वर्गात बसून आपण नाकाने श्वास घेतो. परंतु सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन जिना चढणारा मजूर तोंड उघडूनच श्वास घेणार. ज्याला धुळीत कष्टाचे काम करावे लागते त्याचाच पहिला पहारा असा निघून जातो.

दहा मायक्रॉनहून लहान कणांपैकी पुष्कळ कण श्वासनलिकेच्या आणि तिच्या फांद्यांच्या भिंतीवर बसतात. येथे दुसरा पहारा आहे, आणि मला विचाराल तर शरीरातली ही सर्वांत सुंदर व्यवस्था आहे. या नळ्यांच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म लव असते. एकेका पेशीवर सुमारे दोनशे तंतू, प्रत्येकाची लांबी सहा-सात मायक्रॉन. हे तंतू सेकंदाला दहा ते पंधरा वेळा एकाच दिशेने, घशाकडे, फटका मारतात. सगळे एकदम नाही, तर एकामागून एक. वाऱ्याची झुळूक भाताच्या शेतावरून जाताना लाट उठावी तसे. तंतूंच्या भोवती पाण्यासारखा पातळ थर असतो, त्यात ते मोकळेपणाने हलतात. त्यावर चिकट कफाचा दुसरा थर तरंगत असतो. धूळ या वरच्या थरात अडकते आणि संपूर्ण थरच हळूहळू वर सरकत राहतो. विमानतळावर सामान वाहून आणणारा पट्टा पाहिला असेल, तसाच हा पट्टा समजा. फक्त तो उभ्या चढाने, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चालतो.

वेग किती? मोठ्या श्वासनलिकेत मिनिटाला साधारण पाच मिलीमीटर. श्वासनलिकेची लांबी अकरा-बारा सेंटिमीटर असते, म्हणजे तळापासून घशापर्यंत यायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. खोलवरच्या बारीक नळ्यांत हा वेग बराच कमी असतो; तरी तेथे बसलेली बहुतेक धूळ एका दिवसात घशाशी येऊन पोचते. तेथून आपण ती नकळत गिळतो आणि पुढचे काम पोटातले आम्ल पाहते. आज सकाळपासून तुम्ही हे कितीतरी वेळा केले आहे आणि एकदाही लक्षात आलेले नाही! कफ साचून पट्टा अडला, तरच खोकल्याची गरज लागते. खोकला हा शत्रू नव्हे, तो अडलेला पट्टा मोकळा करणारा मदतनीस आहे.

या पट्ट्याचा मोठा शत्रू म्हणजे विडी-सिगारेटचा धूर. धुराने तंतूंची हालचाल मंदावते, पुढे ते झडतात, आणि कफ मात्र जास्त तयार होऊ लागतो. विडी ओढणाऱ्या आजोबांना पहाटे जो लांबलचक खोकला येतो, तो लवेचे काम छातीच्या स्नायूंना करावे लागते म्हणून येतो. समाधानाची गोष्ट एवढीच की विडी सोडली तर काही आठवड्यांत-महिन्यांत ही लव बरीचशी पुन्हा कामाला लागते.

आता उरतात पाच मायक्रॉनहून लहान कण. यांतले अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे पुष्कळसे कण आत जातात तसेच उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात, कारण ते धड आदळत नाहीत आणि धड खालीही बसत नाहीत. परंतु एक ते पाच मायक्रॉनचे कण वायुकोशांत जाऊन बसू शकतात. तेथे लव नाही आणि कफाचा पट्टाही नाही. असणारच कसा? वायुकोशातली हवा आणि रक्त यांच्यातली भिंत एक मायक्रॉनहूनही पातळ असते. तिच्यावर कफाचा थर दिला तर प्राणवायू रक्तात जाणार कोठून? म्हणून येथला पहारा फिरता आहे. मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षक पेशी वायुकोशांच्या भिंतींवरून सरपटत हिंडतात आणि जे परके दिसेल ते गिळतात.

पेशी असे गिळू शकतात हे प्रथम एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ओळखले. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केली होती. या कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

महाभक्षक पेशीच्या पोटात आम्ल आणि पाचक रस भरलेल्या छोट्या पिशव्या असतात. गिळलेला जंतू त्या पिशवीत विरघळतो. कोळशाचा किंवा काजळीचा कण विरघळत नाही; तेव्हा पेशी तो पोटात घेऊन सरकत सरकत जेथे लव सुरू होते तेथपर्यंत येते आणि पट्ट्यावर चढून बाहेर पडते. काही पेशी कणासह आतल्या लसीका गाठींत जाऊन राहतात. हे काम दिवसांचे नाही, महिन्यांचे आहे, कधी वर्षांचेही. शहरात आयुष्य काढलेल्या माणसाच्या फुप्फुसावर काळे ठिपके दिसतात ते अशाच साठलेल्या काजळीचे. तान्ह्या बाळाचे फुप्फुस गुलाबी असते.

येथपर्यंत आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर झाले. फुप्फुसे भरून जात नाहीत, कारण ती सतत झाडली जात असतात. पण माझ्या मते उत्तराचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे, आणि तो समजण्यासाठी सुरतेहून खंभातला जावे लागेल.

खंभातचा अकीक प्रसिद्ध आहे. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या बाजूला हे दगड खाणीतून निघतात; ते भाजून तांबडे करतात, फोडतात, फिरत्या चाकावर घासून गोल करतात आणि त्यांचे मणी होतात. लोथलच्या उत्खननात हडप्पाकालीन मण्यांचा कारखाना सापडला, म्हणजे ही कला आपल्या भागात चार हजार वर्षांहून जुनी आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. विजेच्या चाकावर तो घासला की पिठासारखी पांढरी धूळ उडते. हे काम पुष्कळ ठिकाणी घराच्या ओसरीवरच चालत आले. बाप घासायला बसलेला, आई शेजारी चूल पेटवते आहे, मूल रांगते आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांची तपासणी केली, तेव्हा घासणाऱ्यांमध्ये सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला. हे चाक ज्यांनी कधी हातात धरले नाही अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांमध्येही तो सापडला.

असे का व्हावे? काजळीही विरघळत नाही आणि सिलिकाही विरघळत नाही. मग काजळीने नुसते ठिपके पडतात आणि सिलिकाने जीव जातो, हा फरक कोठून आला?

फरक शेवटच्या पहारेकऱ्यापाशी आहे. महाभक्षक पेशी सिलिकाचा स्फटिकमय कण नेहमीप्रमाणे गिळते. पण त्याचा नुकताच फुटलेला, रासायनिकदृष्ट्या तीव्र पृष्ठभाग पेशीच्या पोटातल्या पाचक पिशवीचे आवरण फाडतो. पिशवीतले रस पेशीतच सांडतात आणि पेशी मरते. तिच्यातून कण पुन्हा मोकळा होतो, जसाच्या तसा. दुसरी पेशी येते, तो गिळते आणि तीही मरते. मरताना या पेशी मदतीची हाक देणारी रसायने सोडतात. त्यांमुळे तेथे दाह होतो आणि जखम भरणाऱ्या पेशी धावून येऊन चिवट तंतूंचे जाळे विणू लागतात. हाताला कापल्यावर वण उरतो तसाच वण वायुकोशांत तयार होतो. असे हजारो वण, मग त्यांच्या गाठी. वणातून प्राणवायू जात नाही. काम सोडले तरी आत बसलेला कण हे काम चालूच ठेवतो, म्हणून रोग पुढे वाढत राहू शकतो. तो उलटवणारे औषध नाही. साधारणपणे दहा वर्षांहून अधिक काळ धुळीत काम केल्यावर तो दिसू लागतो. धूळ फार दाट असेल तर फार लवकर.

आणखी एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात अडवणारी पेशी हीच आहे. तीच मरत असेल तर क्षयाला दार उघडे राहते. म्हणून सिलिका श्वासात गेलेल्यांना क्षय होण्याचा धोका बराच जास्त असतो. उलट पक्षी, सिलिकोसिसची छायाचित्रे क्षयासारखी दिसू शकतात आणि रोगी क्षयाच्या गोळ्या घेत राहतो. डॉक्टरांकडे खोकल्यासाठी गेलात तर, त्यांनी विचारले नाही तरी, आपण काय काम करतो आणि किती वर्षे करतो हे आपणहून सांगावे.

आपल्या वर्गाशी अगदी जवळचे उदाहरण मंदसौरचे आहे. तुमच्या आईवडिलांनी पाटीवर ज्या पेन्सिलीने अक्षरे गिरवली, ती दगडी पेन्सिल मध्य प्रदेशातील मंदसौरला तयार होत असे. तेथे दगड यांत्रिक करवतीने कापत. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे सहाशे कामगार तपासले गेले आणि त्यांतल्या अर्ध्याहून जास्त जणांना सिलिकोसिस होता. श्रीगणेशा गिरवणाऱ्या मुलाला त्या पेन्सिलीपासून काही अपाय नव्हता. अपाय ती कापणाऱ्याला होता. आपल्या गुजरातेतच गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर कामाला येत. त्यांपैकी सिलिकोसिसने मरण पावलेल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला.

मग आपल्या आजूबाजूच्या कोणत्या धुळीला किती भ्यावे? वर्गातला खडू जिप्समचा किंवा चुनखडीचा असतो. त्याची धूळ बरीचशी नाकात व नळ्यांत अडकते, आत गेलेली हळूहळू विरघळते. दमा असलेल्या मुलाला तिचा त्रास होतो, तेव्हा फळा ओल्या फडक्याने पुसावा. पण तिने गाठी होत नाहीत. मांजाची काच वाळूपासूनच बनते. मात्र वितळून थंड होताना तिची स्फटिकरचना मोडलेली असते, त्यामुळे ती अकीकाच्या धुळीइतकी घातक नाही. डोळ्यांना व घशाला ती वाईटच, आणि कारागिराने नाक बांधलेलेच बरे. आपल्याकडच्या मागांवर मुख्यतः कृत्रिम धागा चालतो. त्याचा तंतू जाड असल्याने बराचसा वरच अडकतो, तरी सर्दी-खोकला जडतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत कापसाच्या धुळीने सुटीनंतरच्या सोमवारी छाती आवळणारा रोग होत असे. त्याची कथा वेगळी आहे, ती पुन्हा कधीतरी.

खरी काळजी करावी अशी धूळ आज सुरतेत जेथे इमारत उभी राहते तेथे आहे. फरशी, ग्रॅनाइट, कोटा आणि काँक्रीट कापणे, भिंतीत खाचा मारणे, वाळू चाळणे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतले आपले कितीतरी पालक ही कामे करतात. ग्रॅनाइट व वाळूत स्फटिकमय सिलिका भरपूर असते आणि हातातले कटर तिचे पीठ करते. दिसणारा ढग दोन-तीन मिनिटांत बसतो, तेव्हा धूळ गेली असे वाटते. प्रत्यक्षात दगडाचा दहा मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून शांत हवेत तीन-एक मिनिटांत खाली येतो, पण एक मायक्रॉनच्या कणाला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. दुपारी कापलेल्या फरशीची धूळ संध्याकाळी त्याच खोलीत जेवायला बसणाऱ्याच्या श्वासात असते.

नाकाला रुमाल बांधला की झाले, असा समज आहे. रुमालाची वीण या कणांसाठी फार विरळ असते. तो जे अडवतो ते नाकानेही अडवलेच असते. एन-९५ जातीचा मास्क उपयोगी पडतो, तोही कडेने फट न राहता बसला तर. दुसरा समज गुळाचा. धुळीत काम करणाऱ्यांनी गूळ खावा, म्हणजे छाती साफ होते, असे आपल्याकडे जुने लोक सांगतात. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून कण जास्त प्रमाणात हललेले दिसले, त्यामुळे ही समजूत अगदीच टाकाऊ नाही. परंतु गुळाने माणसाचा सिलिकोसिस टळतो असे सिद्ध झालेले नाही. गूळ आवडत असेल तर जरूर खा. मास्कच्या ऐवजी खाऊ नका.

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय पाण्याचा आहे. कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ उडण्याआधीच चिखल होते. खंभातमध्येही चाकाजवळच धूळ ओढून घेणारी यंत्रणा त्याच संस्थेने तयार करून दिली. तत्त्व तेच, धूळ हवेत मिसळण्यापूर्वी पकडणे. कामावरचे कपडे घरात झटकू नयेत, वेगळे भिजवावेत, आणि अंगावरची धूळ धुतल्याशिवाय लहान मुलांना उचलून घेऊ नये. विश्वस्त मंडळींनाही एक विनंती : शाळेत फरशीचे किंवा भिंतीचे काम निघेल तेव्हा ते सुटीच्या दिवसांत ठेवावे आणि ओले कापण्याची अट ठेकेदाराला कागदावर घालावी. कापणारा मजूर बहुधा आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याचा वडील किंवा काका असेल.

विद्यार्थ्यांसाठी घरी करण्याचा एक प्रयोग : तीन पांढरी कार्डे घ्या आणि त्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर लावा. एक घरातल्या खिडकीत, एक रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत व एक घराच्या आतल्या खोलीत, प्रत्येकी चोवीस तास ठेवा. बांधकाम चालू असलेल्या जागेजवळ स्वतः जाऊ नका. मग प्रत्येक कार्डावर एक सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून त्यातले कण भिंगाखाली मोजा, तक्ता करा आणि तारीख, वेळ व जागा लिहून कार्डांसह प्रयोगशाळेत आणून द्या. भिंगातून जे कण दिसतील ते बहुतेक वीस मायक्रॉनहून मोठे, म्हणजे नाकाच्या वाट्याचे असतील. वायुकोशांच्या वाट्याचे कण त्याच कार्डावर असतील, पण ते पाहायला शाळेचा सूक्ष्मदर्शक लागेल. त्यासाठी आठवी-नववीच्या मुलांचे गट पाडून वेळ देण्यात येईल.